श्वासाचा रकाना

१२ एप्रिल

माननीय अधिष्ठाता महोदय,

तुमचं पत्र मिळालं. अकरा वर्षांनी धाकट्या भावाचं पत्र यावं, त्यावर जावक क्रमांक असावा आणि सहीच्या जागी रबरी शिक्का असावा, हे तुम्हालाच जमू शकतं. पाकीट फोडेपर्यंत मला वाटत होतं, पाण्याच्या मीटरचं काहीतरी असेल.

अहो-जाहो इथेच पुरे. शिक्क्याला मान दिला, आता तुझ्याशी बोलते.

तर विद्यापीठाने कॉलेज काढलं, वैद्यकीय आणि नर्सिंग एका छताखाली, आणि त्याचा पहिला अधिष्ठाता तू. सोबतच्या माहितीपत्रकात 'स्मार्ट आरोग्यसेवा' हे शब्द एकोणीस वेळा आलेत, मी मोजले. 'रुग्ण' हा शब्द एकदा आलाय, तोही तुझ्या फोटोखाली. फोटोत तू हाताची घडी घालून उभा आहेस. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आलास की असाच घडी घालून उभा राहायचास.

आता तुझी मागणी. आमचं जुनं इस्पितळ तुझ्या कॉलेजला जोडलं. तिथल्या मोठ्या वॉर्डातले सव्वीस वर्षांचे टीपीआर चार्ट, म्हणजे प्रत्येक पेशंटच्या ताप, नाडी आणि श्वासाच्या नोंदी, तुझ्या माणसांनी तळघरातून उपसून काढले आणि यंत्राला शिकायला दिले. कोणता पेशंट बिघडणार हे ते यंत्र आधीच ओळखणार म्हणे. सोळा मेला तपासणी समिती येतेय. त्यांना या नोंदी खऱ्या असल्याचं प्रमाणपत्र हवंय, त्या वॉर्डच्या मेट्रनच्या सहीचं. ती मेट्रन मी. 'सोबतच्या नमुन्यावर सही करून उलट टपाली पाठवावे.'

नाही पाठवणार.

वर आमिषही लावलंयस. उत्तम नोंदी ठेवणाऱ्या विद्यार्थिनीला दरवर्षी माझ्या नावाचं पदक. मला पदकांची हौस असती तर मी तुझ्यासारखी डॉक्टर झाले असते.

कारण लेखी हवं असेल तर घे. ज्याला स्वतःच्या आईसाठी दीड तासाचा प्रवास करवला नाही, त्याने दुनियेच्या आजारपणाचं भविष्य सांगू नये. खुब्याच्या ऑपरेशननंतरचा चौथा दिवस होता, माझ्याच वॉर्डात, नऊ नंबरच्या कॉटवर. दुपारी दोनला तू फोन केलास, इकडचं तिकडचं विचारलंस आणि म्हणालास, उद्या सकाळी येतो. तिनं मला दोनदा उशी वर करायला लावली, दारातून तू येताना दिसावास म्हणून. 'टिल्लू आला का,' असं विचारलं. पावणेसहाला ती गेली. तू आलास तो सकाळी, इस्त्रीचा शर्ट घालून. सगळ्या नातेवाइकांसमोर मी तुला काय बोलले ते मला आठवतंय आणि त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

कोरा नमुना परत पाठवतेय. पाठकोऱ्या कागदाचा काही उपयोग होतो.

तुझी थोरली बहीण


२३ एप्रिल

तुझं दुसरं पत्र आलं. या वेळी सही तरी हाताची आहे, प्रगती म्हणायची. तू लिहितोस, 'एकदा येऊन बघ, मग ठरव.' गाडी पाठवतो म्हणालास. तुझ्या गाडीत बसण्यापेक्षा मी बसने जाऊन आले, मंगळवारी, तुला न कळवता. तू कुठल्याशा बैठकीला गेला होतास. बरं झालं.

इमारत बघितली. ओल्या रंगाचा वास, खुर्च्यांवर अजून प्लॅस्टिक, आणि लिफ्टमध्ये एक बाई बोलते तिला गप्प करायचं बटण नाही. कौशल्य दालनात तुमचा तो बाहुला पाहिला. डोळे मिटतो, घाम फोडतो, छाती वरखाली करतो. मी त्याच्यापाशी उभी राहिले आणि सवयीने मनगट धरलं. बारा. नंतर पुन्हा बारा. तुमचा बाहुला कुणाच्याही धाकाशिवाय एकसारखा श्वास घेतो, असा पेशंट मला सबंध नोकरीत मिळाला नाही. पुढे पेशंटचं वजन सांगणारी कॉट आहे, आणि मनगटाला बांधायचा पट्टा आहे, तो नाडी आणि ऑक्सिजन थेट पडद्यावर पाठवतो. वाईट नाही. मी काही अडाणी नाही, चांगली वस्तू चांगली म्हणते. आम्हाला दोन थर्मामीटरवर चाळीस कॉट ओढाव्या लागायच्या.

मग तुझा तो संगणकवाला भेटला, जाड चष्म्याचा. मी कोण हे कळल्यावर उठून उभाच राहिला. म्हणाला, "मॅडम, तुमचे चार्ट म्हणजे सोनं आहे. दुसरीकडचे चार्ट अर्धे रिकामे असतात. तुमच्याकडे सव्वीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही."

मी म्हटलं, "माझ्या वॉर्डात रकाना रिकामा ठेवायची कुणाची टाप नव्हती."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून मला बघून कुणी उठून उभं राहिलेलं नाही.

पण त्याच्या शेजारी कोण उभं होतं ते तू मला लिहिलं नव्हतंस. घड्याळवाली. नर्सिंगची प्राचार्य म्हणून तू तिला नेमलंस. कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात ती हीच. माझ्या हाताखाली शिकायला आली तेव्हा मनगटावर पुरुषी घड्याळ बांधायची, बापाचं, सेकंदाचा काटा मोठा म्हणून. ती टोपणनाव घेऊन इतकी वर्षं जगली आणि आता तिच्या दारावर पितळी पाटी आहे. संगणकवाला माझं कौतुक करत होता तेव्हा ही फरशीकडे बघत होती.

तिच्या टेबलावर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम होता, तो मी वाचला. मूलभूत कौशल्ये: ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन. संपलं. मी पान उलटून पाहिलं.

"श्वास मोजणं कुठेय?"

"सरांनी काढायला सांगितलं, मेट्रन."

"आणि तू काढलंस?"

"चार्ट तसंच सांगतात," ती म्हणाली. या वेळी फरशीकडे नाही, माझ्याकडे बघून.

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. तुला सांगते, श्वास मोजायला न शिकलेली नर्स वॉर्डात पाठवणार असशील तर त्या इमारतीला टाळं लाव. तुझं-माझं भांडण वेगळं. हे कॉलेजबद्दल बोलतेय.

सही मिळणार नाही, हे वेगळं सांगायला नको.


१ मे

सहा मुद्द्यांचं उत्तर पाठवलंस, एक ते सहा आकडे घालून. आईला तू पत्र लिहायचास तेव्हाही 'वि. वि.' म्हणून सुरुवात करायचास, ती हसायची.

तुझा तिसरा मुद्दा मी चारदा वाचला. यंत्राने सव्वीस वर्षांचे चार्ट वाचले. जे पेशंट दगावले त्यांचा ताप आधी हलला होता, नाडी हलली होती. श्वास मात्र शेवटपर्यंत अठरा, फार तर वीस. म्हणजे श्वासाचा आणि मरणाचा फारसा संबंध नाही, असं यंत्राचं म्हणणं. म्हणून यंत्र श्वास मोजत नाही, म्हणून मुलींना शिकवायचा नाही, प्रत्येक पेशंटमागे एक मिनिट वाचतं. आणि हा नवीन कॉलेजचा पहिला शोध म्हणून तू समितीपुढे वाचून दाखवणार आहेस. सहा कॉटवर यंत्र लावूनसुद्धा झालंय.

अरे, तू डॉक्टर आहेस ना? का ती पदवीही जावक क्रमांकाने आली?

श्वास सगळ्यात आधी बिघडतो. ताप चढायच्या आधी, नाडी धावायच्या आधी. पेशंट स्वतः 'मला बरं वाटत नाही' म्हणायच्या आधी त्याची छाती सांगते. हे मला माझ्या मेट्रनने शिकवलं, तिला तिच्या. आणि मोजायची रीत अशी की पेशंटला कळता कामा नये. कळलं की तो श्वास सांभाळून घ्यायला लागतो. म्हणून नाडी बघून झाली तरी मनगट सोडायचं नाही. पेशंटला वाटतं, बाई अजून नाडीच बघतेय. आपली नजर छातीवर, घड्याळ हातात, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. ही एवढीशी लबाडी आमच्या धंद्यात पुण्याची समजतात.

तू म्हणशील, आणि म्हटलंयसच, सहाव्या मुद्द्यात: 'मग चार्ट वेगळं का सांगतात? चार्ट तुझ्याच वॉर्डचे आहेत.'

चार्ट हे चार्ट असतात. चाळीस कॉट, दोन नर्सेस. त्यातली एक इंजेक्शनच्या ट्रेवर, दुसरी नव्या भरतीवर. चाळीस पेशंटची चाळीस मिनिटं नुसत्या श्वासाला. दहा वाजता मोठे डॉक्टर राउंडला आले की प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी चार्ट भरलेला पाहिजे. रिकामा दिसला तर पहिला आवाज मेट्रनवर. तू कधी चाळीस कॉटचा वॉर्ड चालवलायस? तू राउंड घेतोस. वॉर्ड चालवणं वेगळं.

एवढ्यावरून तुला जे समजायचं ते समज. मला यंत्रांशी वाद घालायला वेळ नाही.

ते सहा कॉटवरचं यंत्र बंद कर.


७ मे

यंत्र बंद केलं नाहीस. मला कसं कळलं विचारशील. काल घड्याळवाली माझ्या घरी आली होती.

दोन जिने चढून आली, खुर्चीच्या कडेवर बसली, चहा घेतला नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. सांगू लागली, चार नंबरच्या कॉटवरचा एक सुतार, पोटाचं ऑपरेशन झालेला, परवा सकाळी धापा टाकत होता आणि पडद्यावर हिरवा दिवा होता. ती सहज वॉर्डात गेली म्हणून तिच्या नजरेला पडला. मोजले तर चौतीस. माणूस वाचला. तुझ्या माणसांनी त्याची नोंद 'अपवाद' अशी केली. तुला हे सांगितलंय की नाही, देव जाणे. नसेल तर मी सांगतेय.

मग ती म्हणाली, "मेट्रन, तुम्ही सांगा त्यांना."

"काय सांगू?"

"अठराचं."

आता तुला अठराचं सांगावं लागणार. ऐक, आणि मध्ये मुद्दे घालू नकोस.

वॉर्डात श्वासाच्या रकान्यात अठरा लिहायची पद्धत होती. न मोजता. चौदा लिहिलं तर डॉक्टर विचारणार, एवढा कमी का. चोवीस लिहिलं तर विचारणार, मला बोलावलं का नाही. अठराला कुणी काही विचारत नाही. ताप असेल तर वीस, बदल म्हणून. ही काही माझ्या वॉर्डातली नवलाई नाही, कुठल्याही जुन्या इस्पितळात जाऊन चार्ट काढ. डॉक्टरांनाही ठाऊक असतं. तुलाही ठाऊक असायला हवं होतं. पण तुम्ही मोठे लोक रकाना बघता, रकाना भरणारी बघत नाही. तुझ्या यंत्राने सव्वीस वर्षांचा श्वास वाचलेला नाही. सव्वीस वर्षांची घाई वाचलीय.

घड्याळवाली पहिल्या वर्षाला असताना एकटी मोजायची. एकेका कॉटपाशी मिनिटभर उभी. एकदा राउंड आला तेव्हा तिच्या बाजूचे अकरा चार्ट रिकामे होते. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं, घड्याळ काढून टेबलावर ठेवायला लावलं आणि म्हटलं, "अठरा लिही आणि पुढे चल. इथे माणसं सांभाळायचीत, मोजायची नाहीत." वॉर्ड हसला. महिनाभर तिला बेडपॅन धुवायच्या कामावर ठेवलं. घड्याळ मी आठवड्याने परत दिलं.

काल मी तिला म्हटलं, "तुला हे समितीपुढे सांगायला कुणी अडवलंय? सूड घ्यायला चांगला मोका आहे."

ती म्हणाली, "मी सांगितलं तर शिक्षा झालेली पोरगी बोलतेय म्हणतील. आणि मेट्रन, त्या महिन्यानंतर मीसुद्धा अठराच लिहिलं. चौदा वर्षं. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

उठताना तिनं बापाचं ते घड्याळ बघितलं. अजून तेच बांधते.

तर झालं हे असं. नर्सेस लिहायच्या. मी डोळेझाक केली असं फार तर म्हण, आणि तेवढं सांभाळून तुझ्या समितीला तोंडी सांग. श्वासाचा रकाना यंत्रातून काढून टाक, मोजणं अभ्यासक्रमात परत घाल, शोधाचं भाषण फाड. माझं नाव कुठे यायचं कारण नाही. झाकली मूठ राहू दे. तीस वर्षं पांढऱ्या कपड्यांना डाग लावून घेतला नाही, आता तुझ्या कॉलेजसाठी लावून घेऊ?

पदकाचं रद्द कर. ते तर करावंच लागेल.


१३ मे

टिल्लू,

परवा तू आलास आणि मी दार उघडलं, याचा अर्थ काहीही काढू नकोस. बेल दोनदा वाजली म्हणून उघडलं.

जे तोंडावर बोलायला हवं होतं ते मी बोलले नाही. तू गेल्यावर दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. आता लिहिते. कागदावर मला जमतं, रकाने भरायची सवय आहे.

तू म्हणालास, "ताई, बाकीच्या नर्सेसचं मी मान्य करतो. असेल तसं. पण श्वासावर माझा विश्वास चार्ट वाचून उडाला नाही. तो आधीच उडाला होता." आणि पिशवीतून प्लॅस्टिकचं पाकीट काढलंस. आत आईचा चार्ट. नऊ नंबर कॉट. अकरा वर्षं जपलास आणि मला पत्ता नाही. दोन वाजताची नोंद, माझं अक्षर. श्वास अठरा.

तू म्हणालास, "त्या दिवशी फोनवर मी एकच विचारलं होतं, श्वास किती. तू अठरा सांगितलंस. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मला एकच भीती होती, फुप्फुसात रक्ताची गुठळी जायची. गुठळी असती तर श्वास चढला असता. अठरा आहे म्हटल्यावर मी निश्चिंत झालो. आणि ती गेली. तेव्हापासून मला कळलं की श्वास फसवतो. माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही असं काहीतरी बघणारं यंत्र पाहिजे. हे कॉलेज मी तिथून उभं करायला लागलो, ताई. तू लिहिलेला आकडा चुकीचा असणार नाही, एवढं मला माहीत आहे."

नातेवाइकांसमोर मी तुला वाट्टेल ते बोलत होते तेव्हा तू हे एकदाही बाहेर काढलं नाहीस. 'ताईनेच अठरा सांगितलं होतं,' एवढं म्हणाला असतास तरी सगळे माझ्याकडे वळले असते. मला वाटायचं, तुझ्याकडे बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहेस. तू मला सांभाळत होतास. याचा मला भयंकर राग आलाय, तरी लिहिते.

मी मोजले नव्हते.

दोन वाजता मी तिच्याजवळ उभी होते. चार्ट पायथ्याशी होता, पेन खिशात, आणि बारा नंबरवर नवी भरती येत होती. मी ताप बघितला, नाडी बघितली आणि मनगट सोडलं. इतकी वर्षं जे लिहीत होते ते लिहिलं. मग तुझा फोन आला आणि मी कागदावरून वाचून दाखवलं. तू विचारलंस तेव्हा मी आईकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्यापासून चार पावलांवर होती.

'टिल्लू आला का' असं ती म्हणाली नव्हती. ते मी नंतर घातलं. तिला सबंध वाक्य बोलता येत नव्हतं. 'वर' एवढंच म्हणाली, उशीकडे बोट करून. मी उशी वर केली. थोड्या वेळाने पुन्हा 'वर'. पुन्हा केली. पहिल्या वर्षाच्या पोरीला विचार, पेशंट उशी वर मागतो तेव्हा त्याला काय होत असतं. त्याला झोपून श्वास पुरत नसतो. हे मी शेकडो मुलींना शिकवलंय. आणि माझी आई माझ्याकडे उशी मागत होती तेव्हा मला वाटलं, तिला दार दिसत नसेल.

ती गेल्यावर तासाभरात मला कळलं होतं. चार्ट हातात घेतला तेव्हाच. तू सकाळी यायच्या आत कुणाला तरी बोल लावायचा होता, नाहीतर मी त्या वॉर्डात उभी राहू शकले नसते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अकरा वर्षं मारल्या. आधी तुझ्या नावाने, परवापर्यंत नर्सेसच्या नावाने. लिहायच्या त्या माझ्या सांगण्यावरून. पहिली मी.

गुठळीच होती का, वेळेवर कळली असती तर वाचली असती का, हे मला माहीत नाही. तू विचार करत बसशील म्हणून लिहितेय. पण तू दीड तासात पोचला असतास. साडेतीनला. पावणेसहाला ती गेली. हा हिशेब मी रोज करते, आता तूही करशील, त्याला माझा इलाज नाही.

सोबत प्रमाणपत्र आहे. तुझा नमुना वापरलेला नाही, माझ्या हाताने लिहिलंय, सही पूर्ण नावाची. त्यात लिहिलंय की सव्वीस वर्षांच्या चार्टमधला श्वासाचा रकाना न मोजता भरलेला आहे, तो माझ्या हुकमाने, आणि माझ्या स्वतःच्या नोंदीही तशाच आहेत. उदाहरण म्हणून एक चार्ट जोड, मी लिहिलंय कुठला. तुझ्याकडेच आहे तो, प्लॅस्टिकमध्ये. समितीपुढे अध्यक्ष सांगतील त्याने मोठ्याने वाचावं. कॉलेज वर्षभर लांबेल, लांबू दे. वर्तमानपत्रवाले माझ्या दारात येतील, दोन जिने चढून येतील तर येऊ देत. कुणीतरी माझी बाजू घेऊन 'मनुष्यबळ कमी होतं' म्हणेल. कमी होतं, हे खरंच आहे, तेही लिहिलंय. पण आईच्या कॉटपाशी मी एकटीच होते आणि तिथे मिनिट होतं.

हे लपवायचा विचारही करू नकोस. मला पुन्हा सांभाळलंस तर मी स्वतः समितीत येऊन वाचीन, आणि तुला ठाऊक आहे, माझा आवाज वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो.

घड्याळवालीला प्राचार्यपदावरून हलवू नकोस. तिचं नाव मी कागदात घातलेलं नाही. पहिल्या वर्षाचा पहिला तास तिने घ्यावा. मी बोलावलं तर येईन, मागच्या बाकावर बसेन. बोलावलं नाही तरी चालेल.

माफी मागत नाहीये. ती मागायला तुझ्यासमोर उभं राहावं लागेल आणि परवा मला ते जमलं नाही. तू देऊही नकोस इतक्यात. अकरा वर्षं मी तुला ओरबाडलं, आता तुझी पाळी आहे, नीट चीड.

आणखी एक. परवा तू जिना चढून आलास, तेव्हा मी तुला दहा मिनिटं नुसतं बसवून ठेवलं, पाणी दिलं, एक शब्द बोलले नाही. तुला वाटलं असेल, अपमान करतेय. मग तू चार्ट दाखवायला हात पुढे केलास आणि मी तुझं मनगट धरलं. "नाडी बघतेस का?" म्हणालास. मी हो म्हटलं.

नाडी बघत नव्हते. चोवीस होते, टिल्लू. पूर्ण मिनिट मोजले, भिंतीवरच्या घड्याळावर. बसल्या जागी चोवीस हे ठीक नाही. उद्याच्या उद्या छातीचा फोटो काढून घे, आणि तो दुसऱ्या कुणाला तरी वाचायला दे.

ताई